एबलटन लाइव्ह 12 : आवाजालाच कच्चा माल मानणारे सॉफ्टवेअर

एबलटन लाइव्हची परीक्षणे बहुधा नव्या आवृत्तीत कोणती वाद्ये आली आणि कोणते इफेक्ट आले, याच्या मोजदादीत संपतात. इथे मी या सॉफ्टवेअरकडे एकाच अंगाने पाहणार आहे: एक संगणक, बऱ्यापैकी हेडफोन आणि फोनवर टिपलेले काही आवाज एवढ्या सामग्रीवर घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्याला काही नवे सुचावे, यासाठी हे सॉफ्टवेअर किती उपयोगी पडते? माझे मत असे की त्याची खरी ताकद तयार सॅम्पलच्या (ध्वनिमुद्रित आवाजांच्या तुकड्यांच्या) संग्रहात नाही. कोणताही आवाज, अगदी आपण नुकतीच केलेली रचनासुद्धा, मोडून पुन्हा वापरण्याची जी मोकळीक इथे मिळते, ती त्याची ताकद आहे. आणि ती मोकळीक सर्वांत लहान आवृत्तीतही बहुतांशी शाबूत आहे.

या स्वभावाचे मूळ त्याच्या जन्मात आहे. गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के हे बर्लिनमध्ये मोनोलेक या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करत असत. 1999 मध्ये त्यांच्या सहभागातून एबलटन ही कंपनी उभी राहिली आणि 2001 मध्ये लाइव्हची पहिली आवृत्ती आली. रंगमंचावर वाजवण्याचे साधन म्हणून ते घडवले गेले होते; मिडीची, म्हणजे आवाजाऐवजी स्वरांच्या सूचना नोंदवण्याची, सोय तर 2004 च्या चौथ्या आवृत्तीत आली. म्हणजे पहिली काही वर्षे हे सॉफ्टवेअर केवळ रेकॉर्ड केलेल्या आवाजावरच काम करत होते, आणि तो संस्कार मार्च 2024 मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीतही स्पष्ट दिसतो. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डावीकडून उजवीकडे धावणारी काळरेषा समोर येते. इथे तिच्या जोडीला सेशन व्ह्यू आहे: उभ्या रांगा ट्रॅकच्या, आडव्या रांगा सीनच्या (एकत्र वाजवायच्या गटांच्या) आणि प्रत्येक चौकटीत एक क्लिप, म्हणजे संगीताचा एक छोटा तुकडा. कोणतीही क्लिप केव्हाही दाबावी, ती पुढच्या बारच्या (तालाच्या आवर्तनाच्या) सुरुवातीला तालात येऊन मिळते. गाण्याचा आराखडा ठरलेला नसतानाही वाजवत राहता येते, हे घरी एकट्याने काम करणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

सर्वांत जास्त वेळ घालवावा असे वाद्य म्हणजे सिम्पलर. ते दिसायला साधे आहे आणि सगळ्या आवृत्त्यांत मिळते. काचेच्या पेल्यावर पेनाने हलका टोला मारून तो आवाज फोनवर रेकॉर्ड करावा आणि फाइल सिम्पलरमध्ये ओढावी. क्लासिक मोडमध्ये ती कीबोर्डवरच्या सुरांप्रमाणे वर-खाली वाजू लागते. आता तो सूर 24 सेमीटोन, म्हणजे दोन सप्तके खाली आणावा. दोन हजार हर्ट्झवर किणकिणणारा पेला पाचशे हर्ट्झवर येतो, त्याची आस (टोल्यानंतर घुमत राहणारा नाद) चौपट लांबते आणि एखाद्या मोठ्या धातूच्या पात्राचा भास होऊ लागतो. त्याबरोबर आवाज मंद, झाकोळलेला होतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 48 किलोहर्ट्झवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये जास्तीत जास्त 24 किलोहर्ट्झपर्यंतच्या कंपनांची नोंद होते. दोन सप्तके खाली आल्यावर तीच मर्यादा सहा किलोहर्ट्झवर येते आणि तिच्या वर काहीच उरत नाही. उपाय दोन आहेत. एक तर रेकॉर्डिंगच 96 किलोहर्ट्झवर करावे, अर्थात मायक्रोफोनला तेवढे वरचे आवाज टिपता येत असतील तरच. नाही तर खाली आणलेल्या आवाजावर सॅच्युरेटर हा इफेक्ट लावून नवे हार्मोनिक (मूळ सुराच्या वरचे उपस्वर) तयार करावेत. मला दुसरा उपाय अधिक भावतो, कारण त्यातून निघणारा आवाज मूळ पेल्याचाही राहत नाही आणि कोणत्याही सिंथचाही वाटत नाही. ॲटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) थोडा वाढवून टोल्याचा कडकपणा काढला, घुमणाऱ्या नादाच्या मधल्या भागावर लूप लावला आणि फिल्टरला सावकाश फिरणारा एलएफओ (मंद गतीने आकडे वर-खाली करणारी लहर) जोडला, की एका टोल्यातून पूर्ण पॅड, म्हणजे लांब टिकणारा भरीव आवाज, उभा राहतो.

वार्प ही लाइव्हची सर्वांत नावाजलेली सोय आहे. आवाजाची पट्टी न बदलता त्याचा वेग बदलणे हा तिचा अधिकृत उपयोग. पण कल्पकतेची खरी जागा तिच्या गैरवापरात आहे. टेक्श्चर मोडमध्ये दोन सेकंदांचा आवाज ताणून अर्ध्या मिनिटाचा करावा, ग्रेन साइज आणि फ्लक्स हे दोन आकडे हलवत राहावेत, म्हणजे आवाजाचे कण सुटे होऊन धुक्यासारखा पसारा तयार होतो. बीट्स मोड तालवाद्यांसाठी असला तरी तो एखाद्या सलग आवाजावर लावून तुकड्यांची लांबी बीटच्या चौथ्या भागाएवढी ठेवली आणि एन्व्हलपचा (प्रत्येक तुकडा किती लवकर मावळतो याचा) आकडा खाली आणला, की तोच सलग आवाज तालात तुटत ऐकू येतो. आवाज तोडणारा वेगळा गेट लावावा लागत नाही. री-पिच मोड टेपप्रमाणे वागतो: वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर जातो. इथे एक सूचना महत्त्वाची आहे. लांब फाइल आत ओढली की सॉफ्टवेअर तिचा ताल आपणहून ओळखू पाहते. पावसाच्या किंवा पंख्याच्या आवाजाला ताल नसतोच, त्यामुळे तिथे हा अंदाज निरर्थक ठरतो. असे आवाज वापरणाऱ्यांनी लांब सॅम्पल आपोआप वार्प करण्याचे सेटिंग बंद ठेवणे चांगले.

आता रीसॅम्पलिंगकडे येतो, कारण माझ्या मते संपूर्ण सॉफ्टवेअरचा गाभा तिथे आहे. एक नवा ऑडिओ ट्रॅक घ्यावा, त्याच्या इनपुटमध्ये 'रीसॅम्पलिंग' निवडावे आणि रेकॉर्ड दाबावे. मुख्य आउटपुटमधून जे काही बाहेर पडते ते सगळे त्या ट्रॅकवर नोंदले जाते. त्या ट्रॅकचा स्वतःचा आवाज नोंदणीतून आपोआप वगळला जातो, त्यामुळे शिट्टी घुमण्याची भीती राहत नाही. सोय एवढीच, पण तिच्यामुळे कामाची पद्धत पालटते. साधा चार स्वरांचा पॅड वाजत ठेवावा, त्यावर मोठा रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) लावावा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना दोन्ही हातांनी मिळतील ती बटणे फिरवत राहावीत. काही मिनिटांची ही फाइल ऐकताना तिच्यातला बराच भाग टाकाऊ निघतो, पण मधूनच अर्ध्या सेकंदाचा असा एखादा तुकडा सापडतो की तो आखून-ठरवून कधीच करता आला नसता. तो कापावा, उलटा करावा, सिम्पलरच्या स्लायसिंग मोडमध्ये टाकावा आणि त्याच्या कापांवर नवा ताल रचावा. मग त्याचेही पुन्हा रीसॅम्पलिंग करावे. दोन-तीन फेऱ्यांनंतर मूळ पॅड ओळखू येत नाही, तरीही त्याची पट्टी आणि त्याचा रंग आत कुठेतरी टिकून असतो. त्यामुळे असे घडवलेले आवाज एकमेकांशी आपसूक जुळतात.

ही पद्धत नवी नाही. पिएर शेफेर यांनी 1948 मध्ये पॅरिसमध्ये रेल्वेचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्यांवरून संगीतरचना केली होती, आणि आजचे रीसॅम्पलिंग हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. फरक असा की त्या काळी त्यासाठी रेडिओ केंद्राची यंत्रसामग्री लागत असे. रीसॅम्पलिंगचा आणखी एक फायदा आहे आणि तो फारसा बोलला जात नाही: निर्णय पक्का होतो. इफेक्टची बटणे जोपर्यंत जिवंत असतात तोपर्यंत ती बदलत राहण्याचा मोह सुटत नाही. आवाज एकदा फाइलमध्ये उतरला की पुढे जावेच लागते. मूळ ट्रॅक बंद करून बाजूला ठेवावा, पण शक्यतो परत उघडू नये, असा माझा आग्रह आहे.

मुद्दाम फीडबॅक (बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत सोडणे) हवा असेल तर त्यासाठी रिटर्न ट्रॅक, म्हणजे इतर ट्रॅककडून आवाज घेऊन त्यावर इफेक्ट लावणारे ट्रॅक, आहेत. त्यांचे सेंड (आवाज पुढे पाठवणारी बटणे) मुळात बंद असतात. उजव्या क्लिकने ते चालू करून डिलेच्या रिटर्नचा थोडा आवाज त्याच रिटर्नला परत पाठवावा. मधे फिल्टर ठेवला की प्रत्येक फेरीत आवाज थोडा बदलतो आणि जमैकन डबमधल्यासारखी लांबणारी, मळत जाणारी प्रतिध्वनींची साखळी मिळते. शेवटी आवाजाची पातळी रोखणारा लिमिटर अवश्य लावावा आणि हा प्रयोग करताना हेडफोन कानावरून काढावेत, कारण आवाज क्षणार्धात असह्य होऊ शकतो.

तालाच्या बाबतीत ग्रूव्ह पूल ही ठेक्याची चाल बदलण्याची सोय दुर्लक्षित राहते आणि ते मला खटकते. ड्रम मशीनमध्ये स्विंग आणण्याचे श्रेय रॉजर लिन यांना जाते: बीटचे चार समान भाग करून त्यातल्या दर दुसऱ्या भागाला किंचित उशिरा वाजवायचे. 50 टक्के म्हणजे सरळ ताल आणि सुमारे 66 टक्के म्हणजे तिपटीची चाल. त्यांच्या मधल्या आकड्यांत सगळी गंमत आहे. लाइव्ह याच्या पुढे जाते. टेबलावर बोटांनी वाजवलेला ठेका रेकॉर्ड करावा आणि त्या क्लिपमधून ग्रूव्ह काढून घ्यावा. बोटांचा उशीर, घाई आणि जोर यांचा तो नकाशा हाय-हॅटला लावला, की यंत्राने मोजून ठेवलेले ठोके माणसाच्या हाताचे वाटू लागतात.

दुसरी युक्ती वेगवेगळ्या लांबीच्या क्लिपांची. किक (ड्रमचा खालचा ठोका) सोळा पायऱ्यांची ठेवावी (बीटचा चौथा भाग म्हणजे एक पायरी), एक टिकटिक पाच पायऱ्यांची आणि एक बेस सात पायऱ्यांचा. हे तिघे पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला 560 पायऱ्या, म्हणजे 35 बार लागतात; मिनिटाला 120 बीटच्या वेगाला ते 70 सेकंद झाले. तीन इवल्याशा क्लिपांतून सव्वा मिनिटाच्या आसपास न आवर्तणारे संगीत मिळते आणि तरी कानाला त्यात शिस्त जाणवते. क्लिपच्या आतला एन्व्हलपही (इथे, एखाद्या बटणाची हालचाल आखणारी रेषा) क्लिपपासून सुटा करता येतो, म्हणजे एका बारच्या रिफवर तीन बारची फिल्टरची हालचाल बसवता येते. 2021 च्या अकराव्या आवृत्तीपासून प्रत्येक नोटला वाजण्याची शक्यता टक्क्यांत देता येते. बाराव्या आवृत्तीत आलेला युक्लिडियन जनरेटर दिलेल्या पायऱ्यांत ठोके शक्य तितक्या समान अंतरावर वाटून देतो. आठ पायऱ्यांत तीन ठोके मागितले तर तीन-तीन-दोन अशी सर्वपरिचित विभागणी येते. ही साधने सुरुवात करून देतात. त्यांनी दिलेले जसेच्या तसे ठेवले तर मात्र सगळ्यांचे संगीत एकाच छापाचे होईल.

बाराव्या आवृत्तीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी भर म्हणजे स्वरव्यवस्था बदलण्याची सोय. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पद्धतीत गांधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) असतो, तर तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा नैसर्गिक गांधार सुमारे 386 सेंटवर. हा चौदा सेंटचा फरक एका छोट्या स्वरात कळत नाही, पण अर्धा मिनिट टिकणाऱ्या पॅडमध्ये त्याचीच थरथर ऐकू येते. शुद्ध प्रमाणाची स्वरव्यवस्था निवडली की तोच पॅड स्थिर होतो. लाइव्हची स्वतःची वाद्ये ही व्यवस्था लगेच मानतात. बाहेरच्या प्लगइनला (इतरांनी बनवलेल्या वाद्याला) मात्र त्यासाठी एमपीई, म्हणजे प्रत्येक स्वराला स्वतंत्र सूचना देणारी मिडीची पद्धत, समजावी लागते. ज्यांचे कान रागसंगीतावर तयार झाले आहेत, त्यांना या एका सोयीसाठीही नवी आवृत्ती घ्यावीशी वाटेल.

उणिवांत पहिली आणि मोठी म्हणजे सेशन व्ह्यूची गोडीच. आठ बारचा लूप इतका सहज आणि इतका चांगला वाजत राहतो की त्यावर थर चढत जातात आणि गाणे पुढे सरकत नाही. यावर एक उपाय मला खात्रीचा वाटतो. सगळ्या क्लिपा अरेंजमेंट व्ह्यूमध्ये, म्हणजे काळरेषेवर, चार-पाच मिनिटांपर्यंत सलग पसरून ठेवाव्यात आणि मग फक्त खोडत जावे. नवे काहीही घालू नये. काय काढल्यावर पोकळी जाणवते आणि काय काढल्यावर काहीच बिघडत नाही, हे ऐकता ऐकता आराखडा उमटत जातो. याशिवाय लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही आणि स्वरलिपी दाखवणारा व्ह्यूही नाही; लिहून रचना करणाऱ्यांना हे अडेल. विंडोजवर एएसआयओ (आवाजातला उशीर कमी करणारा) ड्रायव्हर असलेला ऑडिओ इंटरफेस नसेल तर कीबोर्ड वाजवताना उशीर जाणवतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा साठा, 128 सॅम्पलचा (इथे, आवाजाच्या एकेका मोजमापाचा) असेल तर 48 किलोहर्ट्झवर केवळ बफरपुरता उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो, 512 ला तो साडेदहाच्या पुढे जातो.

इंट्रो, स्टँडर्ड आणि स्वीट अशा तीन आवृत्त्या विकत मिळतात. इंट्रोमध्ये 16 ट्रॅकची मर्यादा आहे, पण सिम्पलर, वार्प आणि रीसॅम्पलिंग हे तिन्ही तिच्यात आहेत, आणि रीसॅम्पलिंगची सवय असणाऱ्याला ट्रॅक कमी पडत नाहीत, कारण दहा थरांचा एक थर करणे हेच त्याचे काम असते. गुणगुणलेल्या चालीचे किंवा तोंडाने काढलेल्या ठेक्याचे मिडी करून हवे असेल तर स्टँडर्ड घ्यावी. ऑपरेटर, वेव्हटेबल, मेल्ड यांसारखे सिंथ, रोअर हा विकृती घडवणारा इफेक्ट आणि स्वतःची साधने बनवू देणारे मॅक्स फॉर लाइव्ह हे स्वीटमध्ये येते. ज्यांना साधने घडवण्यातच रस आहे, त्यांनीच तेवढा खर्च करावा असे मला वाटते. स्वीट आधी 30 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि त्या काळात काम सेव्हही करता येते. त्या मुदतीत पहिल्या बैठकीला ब्राउझरमधले तयार आवाज न उघडता घरातले चार आवाज रेकॉर्ड करून केवळ सिम्पलरवर काम करून पाहावे. कोणती आवृत्ती आपल्याला पुरेल, याचा अंदाज तेवढ्यावरच येतो.