एअरगनची स्प्रिंग: बदलावी, थांबावं, की गॅसवर जावं?

आमच्या वरूडकडं छऱ्याची बंदूक वर्षातले आठ महिने कोपऱ्यात उभी असते. संत्री पिवळी पडायला लागली की पोपट हाकलायला, आवाजापुरती बाहेर निघते (पोपटावर छरा झाडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे), नाहीतर सुट्टीत पोरं तिच्यावर डबे उडवतात. मग एक दिवस छरा पत्र्याला नुसता टेकून खाली पडतो आणि जो तो म्हणतो, स्प्रिंग गेली.

बरेचदा ती गेलेली नसते. नळी मोडताना (म्हणजे छरा भरायला ती खाली वाकवून स्प्रिंग दाबताना) हाताला पूर्वीइतकाच जोर लागतो, पण मार कमी झालाय, तर आधी वॉशरवर संशय घ्या, म्हणजे स्प्रिंग ज्या पिस्टननं हवा दाबते त्याच्या टोकाच्या चकतीवर. कातडी वॉशर उन्हाळ्यात वाळून आखडतो. सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोडून बंदूक रात्रभर उभी ठेवा. जोर परत आला तर खर्च वाचला. शिलाई मशीनचं तेल मात्र नको. दाबलेल्या गरम हवेत ते पेट घेतं, धूर निघतो, आणि तो धक्का वॉशर अन् स्प्रिंग दोघांनाही बसतो.

उलट, नळी हलक्या हातानं मोडायला लागली असेल तर स्प्रिंग थकली. माझ्या बंदुकीत मोडताना खर्र, झाडल्यावर झणण असं व्हायचं. मी हंगामभर तशीच वापरली. मिस्त्रीनं उघडली आणि म्हणाला, "भाऊ, हे तं दोन तुकडे हायेत!" तुटलेले वेढे एकमेकांत आटे बसावेत तसे गुंतले होते, म्हणून तर ती चालत होती. टोकाच्या धारेनं सिलिंडरला आतून ओरखडे पडले ते वेगळेच. अख्खी स्प्रिंगही काचेवर गरगर फिरवून बघा. वाकली असेल तर ती डुगडुगते.

वर्षं मोजून स्प्रिंग बदलणं मला पटत नाही. माप घेऊन बदलावी. कपड्याच्या साबणाच्या वडीवर ठरलेल्या अंतरावरून छरा मारा आणि काडी घालून खोली मोजा, दरवेळी त्याच साबणावर. अर्धा ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटरनं गेला तर १० जूल ऊर्जा होते. वेग १७० वर आला की साधारण ७.२. म्हणजे वेग १५ टक्के घटला तर मार पावपट्टीहून जास्त घटतो.

बदलायची ठरली तर स्प्रिंग मूळ मापाची घ्या. लेथवाला वळून देतो ती स्वस्त पडते, पण तिची टोकं सपाट घासलेली नसली की ती पिस्टनला तिरकं रेटते. 'जाड तारेची टाका, जोर वाढेल' हे तर अजिबात ऐकू नका. ४.५ मिमी नळी आणि २० जूलपर्यंतच परवान्याची सूट आहे, शिवाय धक्का वाढून नेम जातो. बंदूक उघडलीच आहे तर वॉशरही सोबतच टाका.

स्प्रिंगच्या जागी बसणारी, दाबलेला गॅस भरलेली नळकांडी भुरळ घालते: झणझण नाही, ताणून ठेवली तरी थकत नाही. पण डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांवरून मेच्या ४५ वर गेलं की आतला दाब सुमारे १२ टक्के वाढतो आणि उन्हाळ्यात नेम वर सरकतो. गळाली तर आपल्या तालुक्यात कोणी भरून देत नाही, अख्खी बदलावी लागते. सुटे भाग मागवायची सोय असलेल्यानं घ्यावी. मी स्प्रिंगवरच आहे.

स्प्रिंग अडवून धरणारी मागची खीळ काढण्याआधी बंदूक स्क्रूच्या शिकंज्यात धरा. दाबलेली स्प्रिंग डोळ्याच्या रेषेत सुटते. नवी बसवल्यावर पहिल्या काही छऱ्यांत ती थोडी बसते, म्हणून शंभरेक छरे झाल्यावरच साबणावरचं माप घ्या आणि तो आकडा दस्त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा.