धुळ्यातील एका ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना
अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत, दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा, हा बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायातील दंडक या लहानशा मंडळीत खरोखर पाळला जातो. एका शेतकऱ्याचे बोलणे संपताच मंडळीतील वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, डोळे मिटूनच अर्थ आधी मराठीत, मग मागच्या सतरंजीवरील म्हाताऱ्यांसाठी अहिराणीत सांगितला. पुढच्या तरुणाच्या बोलण्याचा अर्थ सांगणारे कोणीच पुढे आले नाही, तेव्हा पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) नुसता हात वर केला आणि तो निमूटपणे खाली बसला. देवाकडून आलेले म्हणून सांगितलेल्या संदेशांची, त्याच अध्यायानुसार इतरांनी करायची पारख मात्र घाईत उरकली गेली. आणि पत्र्याच्या छपराखाली ध्वनिक्षेपकाचा निम्मा आवाजही पुरला असता.