ट्विस्ट, टर्न, बेंड की रिंग: नेमका शब्द कसा निवडावा

इंग्रजीत लिहिताना पिळणे, मुरगळणे, वळवणे यांतलं काहीही सांगायचं असलं की आपण सरळ 'ट्विस्ट' वापरून मोकळे होतो. पुष्कळदा ते चालूनही जातं. पण ओला टॉवेल, दाराची मूठ, वाकलेला खिळा आणि मुरगळलेला घोटा या चौघांना एकच क्रियापद लावलं, तर वाचणारा दोन ठिकाणी तरी अडखळतो. शब्द निवडताना मराठी क्रियापदाकडे पाहू नका. वस्तूचं नेमकं काय होतं ते पाहा.

हातभर लांबीची तार घ्या. दोन्ही टोकं धरून एक हात पुढे आणि दुसरा मागे फिरवा. तार जागच्या जागी राहते, पण तिला पीळ बसतो. हा ट्विस्ट. आता तीच तार मधोमध दाबून कोन करा. पीळ पडला नाही, फक्त सरळपणा गेला. हा बेंड. आणि तार जशीच्या तशी ठेवून सबंध फिरवली, तर तिच्या आकाराला धक्काच लागत नाही. तो टर्न. म्हणून वाकलेला खिळा 'बेंट', कुलपातली किल्ली 'टर्न' केलेली, आणि धाग्यांना पीळ देऊन केलेली दोरी 'ट्विस्टेड'. बाटलीच्या झाकणाला मात्र ट्विस्टही चालतो. तिथे झाकण एका बाजूला आणि बाटली दुसऱ्या बाजूला फिरवायचा जोर लागतो, म्हणून 'ट्विस्ट ऑफ' कानाला खटकत नाही.

खरी गफलत होते ती 'रिंग'पाशी. हा अंगठीचा किंवा घंटेचा रिंग नव्हे. याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डब्ल्यू असतो, पण उच्चारात येत नाही. भूतकाळ 'रंग', आणि भूतकाळवाचक धातुसाधितही तेच. घंटेच्या रिंगचा भूतकाळ 'रँग' होतो, तेव्हा लिहिताना दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. या क्रियेत पीळ तर आहेच, पण सोबत दाब आहे आणि आतून काहीतरी बाहेर काढायचा हेतू आहे. 'शी ट्विस्टेड द टॉवेल' म्हटलं तर टॉवेलला पीळ दिला एवढंच कळतं, पाणी निघालं की नाही ते कळत नाही. 'शी रंग आउट द टॉवेल' म्हटलं की पाणी निथळलेलं दिसतं. या क्रियापदाचं कर्म कापडही होतं आणि पाणीही: 'रिंग द क्लॉथ' आणि 'रिंग वॉटर आउट ऑफ द क्लॉथ', दोन्ही शुद्ध. एखाद्याकडून मोठ्या मुश्किलीने कबुली किंवा वचन काढून घेतलं, तरी हाच शब्द लागतो. आपल्या 'पिळवणुकी'साठी मात्र यांपैकी काहीच नको. तिथे 'एक्स्प्लॉइटेशन' लिहा.

घोटा मुरगळला तर 'ट्विस्ट' हवाच, पण वाक्याची घडण बदलते. आपण म्हणतो, माझा पाय मुरगळला. इंग्रजीत कर्ता माणूस होतो: 'आय ट्विस्टेड माय अँकल'. यात चूक कुणाची, असा अर्थ अजिबात नाही. डॉक्टरांनी अस्थिबंधाला इजा झाल्याचं सांगितलं, तर 'स्प्रेन'. स्नायू किंवा स्नायूला हाडाशी जोडणारी शीर ताणली गेली, तर 'स्ट्रेन'. दुखापत नेमकी कसली ते कळलेलं नसेल, तर 'ट्विस्ट'वरच थांबा. हिसका देऊन, जोराने पिरगाळून ओढलं असेल तर 'रेंच' आहे, पण तो रोजच्या वापरात फार लागत नाही. अमेरिकेत पान्यालाही रेंचच म्हणतात.

बोलण्याचा विपर्यास केला, तर 'ट्विस्ट' आणि 'डिस्टॉर्ट' यांत निवड करावी लागते. डिस्टॉर्ट, टॉर्चर, टॉर्क, एक्स्टॉर्ट हे सगळे पिळणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून आले आहेत, म्हणून ते एकमेकांसारखे भासतात. माझ्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ काढला, अशी तक्रार असेल तर 'ट्विस्टेड माय वर्ड्स' जास्त धारदार. आवाज, चित्र किंवा आकडेवारी बिघडली तर 'डिस्टॉर्टेड', कारण तिथे कुणाचा हेतू असेलच असं नाही. मायक्रोफोनमधून फाटका आवाज आला तर त्याला कुणी ट्विस्टेड म्हणत नाही.

कथेतल्या अनपेक्षित कलाटणीला मराठीतही आपण सर्रास ट्विस्ट म्हणतो, आणि ते इंग्रजीतही तसंच जातं. पण घटनांनी नुसतं वेगळं वळण घेतलं, धक्का बसावा असं काही नसलं, तर 'अ टर्न ऑफ इव्हेंट्स' लिहावं. प्रत्येक वळणाला ट्विस्ट म्हटलं, तर पुढे खरोखर धक्का द्यायचा असतो तिथे शब्दात जोर उरत नाही.