गवंडीकाम: आयटीआय की मिस्त्रीच्या हाताखाली?

आयटीआयचा मेसन ट्रेड एक वर्षाचा, प्रवेश आठवी पासवर. नकाशा वाचणं, इंग्लिश बाँड (विटा रचायची एक पद्धत), १:६ मालाचा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) हिशेब, विटांमधला १० मिमी सांधा, हे सगळं कारणासकट कळतं. पण हात मंदच राहतो.

साइटवर बिगारी म्हणून सुरुवात. घमेली उचलता उचलता थापी हातात यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. रोजी मात्र पहिल्या दिवसापासून. भिंत उभी सरळ ठेवणारा ओळंबा, विटांची ओळ सरळ ठेवणारी लाइनदोरी अंगवळणी पडते, पण मिस्त्रीच्या खोडीही चिकटतात: कोरडी वीट लावली की ती मालातलं पाणी शोषते, सांधा भुसभुशीत होतो, घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी मारणं तर सर्रास.

सरकारी भरतीसाठी प्रमाणपत्र लागतं. नुसती रोजंदारीच करायची असेल तर साइट पुरे, फक्त मिस्त्री पारखून घ्या.