गंजलेल्या फ्लँजसाठी स्टेनलेस स्टीलची रिपेअर रिंग

न्यू जर्सीतील आमच्या जुन्या घरातला कमोड बदलायला काढला, तेव्हा जमिनीतल्या बिडाच्या फ्लँजची (सांडपाण्याच्या पाईपच्या तोंडावरची, कमोड धरून ठेवणारी कडी) एक खाच गंजून पार तुटलेली निघाली. त्या फ्लँजवर बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या रिपेअर रिंगविषयी हा अभिप्राय आहे. ही रिंग मी निःशंकपणे सुचवीन, मात्र ती कोणत्या बिघाडावर चालते हे आधी नीट पाहून घ्यावे.

पांढऱ्या सिमेंटात बसवलेले कमोड पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना इथली रचना नवी असते. इथे कमोड दोन बोल्टांनी फ्लँजला आवळलेला असतो आणि मधली मेणाची रिंग पाणी व दुर्गंधी अडवते. बोल्टाचे डोके धरणारी खाच झिजली की कमोड डुगडुगू लागतो, एकदा दबलेले मेण पुन्हा फुगत नसल्यामुळे फट पडते, आणि प्रत्येक फ्लशबरोबर थोडे थोडे पाणी टाइलखालच्या प्लायवूडमध्ये मुरत राहते. कडेने सिलिकॉन भरल्याने ही गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

एका प्लंबरने अख्खा फ्लँज काढून नवा बसवायला सांगितले होते. शिशाने भरलेला जुना सांधा मोकळा करणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे. पाईपभोवतीचा भाग शाबूत असेल, त्याला तडा नसेल आणि फक्त वरची कडा गेली असेल, तर माझ्या मते एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

रिंग जुन्या फ्लँजवर ठेवून तिच्या भोकांतून स्टेनलेस स्क्रू खालच्या लाकडात पिळायचे असतात, म्हणजे बोल्टांची ओढ कमजोर बिडावर न येता जमिनीवर येते. म्हणूनच लाकूड टणक हवे. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते रुतले, तर तेवढे प्लायवूड बदलल्याशिवाय रिंग बसवण्यात अर्थ नाही. काँक्रीटची जमीन असेल, तर ड्रिल करून काँक्रीटचे स्क्रू वापरावे लागतात. दुकानात याच आकाराच्या रंग दिलेल्या साध्या लोखंडी रिंगाही मिळतात. त्या पुन्हा गंजतात, त्यामुळे घेऊ नयेत.

उणिवा दोन आहेत. रिंगच्या कडा धारदार आहेत, हातमोजे घालूनच काम करावे. शिवाय खाचेत बोल्ट सैल राहतो आणि कमोड वरून उतरवताना कलंडतो. प्रत्येक बोल्टाला एक जादा वॉशर आणि नट लावून तो रिंगलाच आधी आवळला, की सरळ उभा राहतो.

उंचीचा प्रश्न मात्र ही पातळ रिंग सोडवत नाही. फ्लँजची कडा तयार फरशीच्या साधारण पाव इंच वर हवी. जुन्या फरशीवर नवी टाइल चढवल्याने ती खाली गेली असेल, तर स्पेसर (फ्लँजची उंची वाढवणारी चकती) लावावा किंवा जाड मेणाची रिंग घ्यावी. दोन मेणाच्या रिंगा एकावर एक ठेवण्यावर माझा भरवसा नाही.

नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, कारण जास्त जोर लावला तर चिनी मातीला तडा जातो. आमचा कमोड आता जराही हलत नाही. सिलिकॉन लावताना मागची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली आहे, म्हणजे गळती झालीच तर पाणी तिथून बाहेर येईल. आजवर तिथे ओल आलेली नाही.