जुन्या इंजिनाचं दुकान आणि आमची ८००: दीड स्टार, त्यातला एक हेडसाठी

दुकानाचं नाव टाकत नाही. सांगली एवढीशी, उद्या परत काम पडणारच आहे आणि भांडण वाढवायचं नाही. पण घरी इंजिन बदलायचं डोक्यात असेल तर हे वाचा, आणि मग पैसे घेऊन जावा.

गाडी १९९७ ची मारुती ८००, आण्णांनी नवी घेतलेली, कार्बोरेटरवाली, चार गिअर, पासिंग २०२७ पर्यंत आहे. वर्षभर निळा धूर मारत होती, विट्याला सासरवाडीला जाऊन यायचं म्हणजे डिकीत ऑइलचा डबा ठेवायचा, तासगाव ओलांडलं की मागचे दुचाकीवाले शेजारी येऊन हात करून शिव्या घालून पुढं जायचे. सिलेंडरातला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज मागून आणला, दोन नंबरच्या सिलेंडरला बाकी दोघांच्या निम्मं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं तर काटा वर चढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, वॉल्व्ह ठीक. इथपर्यंत मी शहाणा होतो.

गॅरेजवाल्यानं इंजिनकामाचे पंचवीस हजार सांगितले, आठवडाभर गाडी सोडा म्हटला. मी म्हटलं एवढ्यात तर दुसरं इंजिन येतंय की, घरीच बदलू, तीन सिलेंडरचं ७९६ सीसीचं खेळणं ते, त्यात काय एवढं. मेव्हणा लगेच तयार, त्याला बायकोच्या शिव्या खायच्या नसतात ना.

तर दुकान. शहराबाहेर पत्र्याचं शेड, आणि माल बघून माणूस येडा होतोय हे मान्य करायला पाहिजे. ८०० चे दरवाजे एका बाजूला, ओम्नीचे सरकते दरवाजे एका बाजूला, गिअरबॉक्स वेगळे, सेल्फ आणि अल्टरनेटर तारेला लटकवलेले. नवीन ८०० बनायची २०१४ ला बंद झाली पण इथं अजून कारखाना चालू आहे असं वाटतं. मालकाला काय पण विचारा, ढिगाकडं न बघता सांगतो कुठल्या कोपऱ्यात आहे. अर्धा स्टार ह्याचाच.

त्यानं आधी मला एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं, इंजिन दाखवलं, बारा वॉल्व्हचं, पिकअप लई आहे साहेब म्हटला. ते मी घेतलं नाही, तेवढी अक्कल होती. कार्बोरेटरच्या गाडीत ते घालायचं म्हणजे वायरिंग आलं, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आला, टाकीत इलेक्ट्रिक पंप आला, आपला पेट्रोल पंप इंजिनच्या दांड्यावर चालणारा साधा. मग दुसरं दाखवलं, "हे तुमचंच, चालू गाडीचं काढलेलं, पंधरा दिवस टेस्टिंग वॉरंटी." प्लग काढून पुलीला पाना लावून फिरवलं, जरा जड फिरलं. म्हटलं जड का हो, तर म्हटला बसून आहे साहेब, ऑइल सुकलंय. साडेतेरा हजार, चौदा म्हणत होता. पावती कच्ची, वहीच्या पानावर. छोट्या हत्तीचे सातशे वेगळे.

आता आमच्याकडचा तमाशा. जुनं इंजिन उतरवायला शेडच्या अँगलला चेन बांधली, बॉनेट, रेडिएटर, एक्सल सगळं काढून ठेवलेलं, चेन ताणली तर इंजिन जागेवर आणि अँगल खाली यायला लागला. आण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, फक्त एवढंच म्हटले, "पत्रा माझ्या पैशाचा हाय." मग कवलापूरच्या एका शेतकऱ्याकडनं बोअरची मोटर काढायची तीन पायांची घोडी आणि चेन पुली आणली, दिवसाचे तीनशे. ह्याला पाचपैकी पाच. दोनशे-तीनशे फुटावरनं पाइप आणि मोटर ओढणारी वस्तू ती, ८०० चं इंजिन म्हणजे तिला पाटी उचलल्यासारखं. इंजिन क्रेन भाड्यानं शोधत बसू नका, आपल्या भागात प्रत्येक गावात ही घोडी असते.

जुनं आणि आणलेलं शेजारी शेजारी ठेवल्यावर मेव्हणा म्हटला, "दाजी, ह्याचं चेंबर वेगळं दिसतंय." बघतो तर संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं चेंबर, वेगळा, माउंटिंगचा ब्रॅकेट वेगळ्या जागी. इंजिन ओम्नीचं. ८०० मध्ये इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, ओम्नीत तेच इंजिन सीटखाली उभं, जरा कललेलं, आणि मागच्या चाकांना जातं, मग बाहेरचं सगळं वेगळं येणारच. फोन केला तर म्हटला ब्लॉक एकच असतो, तुमचा संप, तुमचे ब्रॅकेट उतरवून लावा. हे खोटं नाही, लोक करतात. पण मग विकताना "तुमचंच" कशाला म्हणायचं?

असो म्हणून संप काढला. स्ट्रेनरच्या जाळीला काळसर चिकट कायतरी होतं, मी बोटावर घेतलं, वास घेतला आणि तिथंच खाली बसलो.

२०१९ ला आम्ही गावभागात राहायचो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या घरात छातीएवढं. पाणी उतरल्यावर महिनाभर कपाटाच्या खणातनं, शिलाई मशीनच्या आतनं, आजीच्या पितळी डब्यातनं तो गाळ खरडून काढलाय. तो वास मी झोपेत ओळखीन. मग टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडलं, कोपऱ्यात तोच गाळ सुकून बसलेला, बोल्टच्या भोकात तोच. हेड, म्हणजे सिलेंडरवरचा वॉल्व्ह असलेला भाग, काढलं तर तीन नंबरच्या सिलेंडरला बोटभर रुंद गंजाचं कडं. इंजिन बंद पडलं तेव्हा त्या सिलेंडरचा वॉल्व्ह उघडा राहिला असणार, तिथनं पाणी आत गेलं आणि पिस्टनच्या वर साचून राहिलं, बाकी दोन बऱ्यापैकी कोरडे. जड का फिरत होतं ते तेव्हा कळलं.

आणि आमची ८००? पुराच्या वेळी ती विट्याला होती, म्हणून वाचली. पुरातनं वाचलेल्या गाडीसाठी मी साडेतेरा हजार देऊन पूर विकत आणला.

दुसऱ्या दिवशी दुकानात. हा संवाद जसाच्या तसा देतो.

"मालक, हे पुराचं इंजिन आहे."
"छे हो, आपण पुराचा माल घेतच नाही."
"आत गाळ आहे."
"रस्त्याची धूळ असेल."
"टॅपेट कव्हरच्या आत?"
"उघडलं का तुम्ही?"
"मग गाळ कसा दिसणार?"
"उघडलं की वॉरंटी संपली साहेब. टेस्टिंग वॉरंटी म्हणजे बसवायचं, चालू करायचं, बघायचं."

म्हणजे गाळासकट चालू करून बेअरिंग खाल्ली असती तर वॉरंटी लागू. बघा विचार करून. वर चहा मागवला, चहा चांगला होता. शेवटी दोन हजार परत दिले, ते पण पाचशे-पाचशे करत. पैसे मोजताना मला त्याच्या शेडच्या मागं पाच-सहा गाड्या दिसल्या, सगळ्यांच्या काचेवर एकाच उंचीला मातीची रेघ. पुरानंतर विमा कंपन्या टोटल लॉस झालेल्या गाड्या लॉटमध्ये विकतात, घेणारे घेतात, त्यात चूक काही नाही. दरवाजे विका, काचा विका, पुराचं इंजिन पण पुराचं आहे म्हणून पाच हजाराला विका, मी स्वतः घेतलं असतं. राग त्या "चालू गाडीचं काढलेलं" ला आहे.

मिरजेचा लेथवाला चाचा, बोरिंग-फेसिंगचं काम, म्हणजे सिलेंडर आतनं खरवडून मोठा करणं आणि हेडचा तळ सपाट घासणं, ह्यांना पाचपैकी सहा. दोन्ही ब्लॉक, दोन्ही हेड टेम्पोतनं घेऊन गेलो. चाचा आधी काही बोललेच नाहीत, बोअर गेज लावला, वर, मध्ये, खाली, आडवं, उभं. ह्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, मूळचा ६८.५ एमएम. मग म्हटले, "नवीन आणलेलं ठेवा बाजूला, गंजाचा खड्डा खोल आहे, आत लायनरची नळी ठोकायला लागेल. तुमचा जुना ब्लॉक कधी बोअर झालेला नाही, ०.५० एमएम मोठा करून चालतोय, पिस्टन मिळतात. कशाला बदलत होता?" कशाला बदलत होतो ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मात्र आमचं हेड संपलेलं निघालं, दोनदा गरम होऊन दोनदा फेसिंग झालेलं, आता अजून घासायला जागा नाही. पुराच्या इंजिनाचं हेड एकदम ताठ, एक फेसिंग मारलं, वॉल्व्ह घासले, सील नवीन घातले, झालं. म्हणून एक स्टार हेडचा. साडेअकरा हजाराचं हेड आहे, गाडीपेक्षा त्याला जपतोय.

बोरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग किट, हेडचं काम सगळं धरून साडेदहा हजार. आधीच चाचांकडं गेलो असतो तर... जाऊ दे.

ह्यातनं एक गोष्ट नकळत बरी झाली. ब्लॉक आपलाच राहिला म्हणजे इंजिन नंबर तोच राहिला. दुसरं इंजिन घातलं असतं तर ते आरसीवर चढवायला लागतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी न घेता बदललं असेल तर चौदा दिवसात आरटीओला कळवायचं असतं, आणि तिथं मी काय दाखवणार होतो, वहीचं पान? त्यामुळं जुनं इंजिन घेताना पक्की पावती आणि ज्या गाडीचं आहे तिचे कागद मागा. देत नसेल तर त्या इंजिनाला भंगाराचाच भाव लावा.

आता माझ्या स्वतःच्या चुका पण सांगतो, सगळं दुकानदारावर ढकलून कसं चालेल.

क्लच प्लेट. प्रेशर प्लेट आवळताना मधली प्लेट सेंटरला नसली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही, हे माहीत होतं, पण अंदाजानं केलं. साडेतीन तास गिअरबॉक्स पोटावर घेऊन झोपलो होतो, मेव्हणा पायानं ढकलतोय. शेवटी सगळं खोलून लाटण्याच्या टोकाला टेप गुंडाळून सेंटर केलं, दहा मिनिटात बसला. ते लाटणं बायकोनं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, नवीनचे ऐंशी रुपये ह्याच हिशोबात धरा.

डिस्ट्रीब्युटर, म्हणजे आतला रोटर फिरवून एकेका प्लगला ठिणगी वाटणारा डबा. पुलीची खूण जुळली म्हणून रोटर एक नंबरवर धरून बसवला, पण खूण तर दर फेऱ्याला जुळते, कॉम्प्रेशनला पण आणि एक्झॉस्टला पण. उलटा बसला. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधनं फाट करून आवाज, शेजारच्या काकू म्हणाल्या दिवाळी झाली ना रे बाळा. प्लगच्या भोकावर बोट ठेवून हवा मारते का बघायचं आणि मग रोटर बसवायचा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-२, ती तेवढी बरोबर होती.

आणि सगळ्यात भारी, अर्थ. इंजिनवरनं बॉडीला जाणारी अर्थची वायर लावायची राहिली. चावी फिरवली, सेल्फ नुसता कण्हला, आणि चोकची केबल तापून तिच्यातनं धूर. आम्हाला वाटलं शॉर्ट झालं, बॅटरी काढ, फ्यूज बघ, दीड तास फ्यूजच बघतोय. आण्णांनी खुर्चीवरनंच विचारलं, "आरं ती पट्टी कशाची राहिलीया?" तांब्याची विणलेली पट्टी, बादलीत नट-बोल्टांच्या खाली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीचा अर्थ ह्या पट्टीतनंच मिळतो, ती नसली की सेल्फचा एवढा मोठा करंट सापडेल त्या केबलमधनं वाट काढतो. चोकची केबल नवीन घातली. पट्टी लावल्यावर दुसऱ्या सेल्फला चालू. धूर नाही. मेव्हण्यानं भडंगची पिशवी फोडली आणि आण्णांनी उगाचच रेस देऊन बघितली, नको म्हणत असताना.

पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत चालवली, मग ऑइल बदललं, आता बाराशे झालेत. विट्याला जाऊन आलो, ऑइलची लेव्हल जिथल्या तिथं.

परवा रिव्हर्स घेताना डावा टेललॅम्प फुटला. नवीन महाग वाटला म्हणून परत त्याच दुकानात गेलो. मालकानं ओळखलं, चहा मागवला, इंजिन कसं आहे विचारलं, मी म्हटलं मस्त. लॅम्प दीडशे म्हटला, शंभरला दिला. "चालू गाडीचा काढलाय साहेब." घरी येऊन बसवायला घेतला तर काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात, बोटभर सुकलेला गाळ.