पक्षाघातानंतरचं पुनर्वसन केंद्र : दिवसा उत्तम, रात्री घरच्यांच्या भरवशावर

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही गेलं. मोठ्या हॉस्पिटलमधून सोडल्यावर आम्ही त्यांना एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं, त्याबद्दल हे लिहिते आहे. केंद्राचं नाव देत नाही. जे सांगायचं आहे ते कुठलंही केंद्र बघायला जाताना उपयोगी पडेल. दिवसाच्या उपचारांना पाचपैकी पाच देईन. रात्र आणि रविवार मिळून दोन.

सगळ्यात आधी स्पीच थेरपिस्टबद्दल. दाखल झाल्यावर तिने बोलण्याच्या आधी गिळणं तपासलं. पक्षाघातात घशाच्या स्नायूंचा मेळ बिघडतो आणि पातळ पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. ठसका लागेलच असं नाही. काहीही कळत नाही आणि मग न्यूमोनिया होतो. तिने बाबांसाठी पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं. सरळ बसवूनच द्यायचं, छोट्या चमच्याने, आधीचा घोट गिळला हे बघून पुढचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे सगळं तिने मला समजावलं, मग माझ्याकडून करून घेतलं.

रात्रपाळीच्या मावशींपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. बाबांनी हाताने पाणी मागितलं आणि त्यांनी झोपल्या झोपल्या साधं पाणी पाजलं. मी अडवलं तर म्हणाल्या, "तहान लागली होती बिचाऱ्यांना, दोनच घोट दिले." त्यांची माया खरी होती, म्हणून त्यांच्याशी भांडले नाही. इन्चार्ज सिस्टरांकडे गेले आणि दोन गोष्टी मागितल्या : झालं ते नर्सिंगच्या नोंदीत लिहा, आणि गिळण्याच्या सूचना पाळी बदलताना वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या डोक्याशी ठळक अक्षरांत कागद लागला आणि पुन्हा तसं घडलं नाही. तोंडी तक्रार पाळी बदलली की विरून जाते. लिहिलेली पुढच्या माणसाला वाचावीच लागते.

खांद्याचंही तसंच. लुळ्या बाजूचे स्नायू खांदा धरून ठेवत नाहीत, म्हणून हाताला ओढून किंवा बगलेत हात घालून उठवलं की सांधा निसटतो आणि पुढे दुखणं मागे लागतं. इथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारीने, पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते मला आणि भावाला शिकवलं, आणि आमचं आम्हाला जमेपर्यंत शेजारी उभी राहिली. बसल्यावर उजव्या हाताखाली उशी हवीच, हे तिचं ठाम सांगणं.

रात्री कूस बदलण्याबाबत मात्र हयगय होती. एअर बेड, म्हणजे हवेची गादी, आहे म्हणजे पडून पडून जखमा होण्याची काळजी नको, असा तिथे समज. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. टाच लाल दिसली आणि दाबल्यावरही लाली जाईना, तेव्हा मी सिस्टरना बोलावून दाखवलं. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायला लागल्यावर लाली उतरली.

राउंडवरचे डॉक्टर "पेशंटला काय होतंय?" हे मला विचारायचे. बाबा समोर बसलेले, आणि त्यांना बरंचसं कळत होतं. स्पीच थेरपिस्टने हो-नाहीचं कार्ड दिलं होतं. मी ते डॉक्टरांच्या हातात दिलं आणि म्हटलं, एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तरासाठी थांबा. त्यांनी खरंच तसं केलं, याचं श्रेय त्यांना देते. लघवीची नळी अजून कशासाठी, हे मी रोज विचारायचे, कारण ती जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो. नळी निघाल्यावर डायपर हवा का, हे त्या कार्डावर बाबांनाच विचारलं. त्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं. मग ठरलेल्या वेळी टॉयलेटला नेणं सुरू झालं.

पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. इथे त्याची चौकशी आपणहून झाली नाही. बाबा व्यायामाला नकार देऊ लागले तेव्हा मी विषय काढला, आणि मग उपचार सुरू झाले.

केंद्राची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे मोजमाप. बार्थेल इंडेक्स नावाची जुनी मोजपट्टी आहे, 1965 साली प्रसिद्ध झालेली. जेवणं, कपडे घालणं, चालणं, जिने अशा 10 गोष्टी, एकूण गुण 100. इथे ती नियमित भरतात आणि मागितली तर घरच्यांना दाखवतात. एका बैठकीत "आता प्रगती थांबली आहे, घरी न्या" असं सुचवलं गेलं. मी तक्ता पुढे ठेवायला सांगितला. पलंगावरून खुर्चीत जाण्याचे गुण 5 वरून 10 झाले होते, म्हणजे आधी भरपूर मदत लागायची, आता थोडी. इंग्लंडच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पक्षाघाताच्या रुग्णाला आठवड्यातून किमान 5 दिवस, दिवसाला किमान 3 तास थेरपी सुचवली आहे, हेही मी सांगितलं. बाबांना तेवढी मिळत नव्हती. मुक्काम वाढला, हाताच्या व्यायामाचं एक सत्रही वाढलं. रविवारी थेरपी नव्हतीच, मागितल्यावर व्यायामाचा कागद मिळाला.

निघतानाच्या कागदांत औषधं नीट होती, पण पाणी किती घट्ट द्यायचं ते नव्हतं. लिहून घेतल्यावरच सही केली.

रात्री थांबायला घरचं कोणी असेल तर हे केंद्र मी नक्की सुचवेन. नसेल, तर केंद्र कुठलंही असो, रात्री एका मजल्यावर किती माणसं असतात ते आधी विचारा, आणि शक्य असेल तर रात्री नऊनंतर एकदा जाऊन या.